दोन चार्ली, एक कागद

पाहुणे दहाला येणार होते, आले पावणेनऊला. आई अजून केसांना पिना लावत होती, माझा भाऊ लेन न्हाणीघरात गात होता, आणि मी मागच्या अंगणात खड्ड्यातल्या तापलेल्या दगडांवर डुकराचं मांस नि रताळी रचून वर केळीची पानं पसरत होते. कोपरापर्यंत राख. "ग्लेंडा, अगं कोणीतरी आलंय, बघ ना!" आई आतून ओरडली, जशी काही मी रिकामी बसले होते.

दारात दोघं उभी. नेस्ता माएलोआ, पन्नाशीची, लांबून पाहिलं तरी शाळेतली बाई आहे हे कळावं अशी. आणि तिचे काका सायलस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या गळ्यात प्लास्टिकची चौकोनी पिशवी होती. आत पासपोर्ट, परतीचं तिकीट, विमानात घेतलेल्या चहाची पावतीसुद्धा.

"काका कागद कुणाच्या हातात देत नाहीत," नेस्ता हसत म्हणाली. "विमानतळावरच्या साहेबालासुद्धा वाकून दाखवला, पिशवी गळ्यातच."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

वर्तमानपत्रात आईचा फोटो आला नसता तर हे दोघं कधी आलेच नसते. सोमवारी मॅकाय शहराच्या सभागृहात चौकशी समिती बसणार होती. आमच्या आज्या-पणज्यांना बेटांवरून फसवून, ओढून, बोटीत कोंबून इथं ऊस तोडायला आणलं, आणि गोऱ्यांचा देश गोराच राहावा असं ठरल्यावर पुन्हा बोटीत भरून हाकलून दिलं, त्याचं सरकार काय देणं लागतं हे ती समिती ऐकणार होती. माफी, जमीन, पैसा, की तिन्ही. पहिली साक्ष आमच्या आईची, डल्सी फानेगाची. वय चौऱ्याऐंशी, आवाज खणखणीत, आणि हातात तिच्या आजोबांचा कागद. तो कागद आमच्या टीव्हीच्या वर चौकटीत लटकतो. चार ओळींचा: चार्ली, मालायता, जहाज लिझी मे, १८८४. खाली मॅजिस्ट्रेटचा शिक्का, की या माणसाला राहायची मुभा आहे. वीस वर्षांहून जास्त इथं काढलेल्यांना ती मुभा मिळत होती. या कागदामुळं आम्ही इथं आहोत, असं आई दर नाताळला सांगायची. लेननं तीस वर्षं या दाव्यासाठी अर्ज लिहिले, मोर्चे काढले, आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात त्या कागदानंच केली.

सायलसकाका बसायच्या आधी त्या चौकटीसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ बघत होते, देवळात उभं राहावं तसे.

"मावशी," नेस्ता आईला म्हणाली, "फोटोखाली तुमच्या आजीचं नाव वाचलं, लुसी. आणि तिच्या थोरल्या मुलाचं, अँब्रोज. तेव्हाच ठरवलं, यायचं. लुसी काकांच्या आजोबांची बायको. अँब्रोज त्यांचा मुलगा."

हे आम्हाला ठाऊक होतं. लुसीआजीचा पहिला नवरा बेटावर पळून गेला, आणि आमच्या आजोबांनी तिला नि तिच्या तीन वर्षांच्या पोराला आसरा दिला, ही गोष्ट आमच्याकडं पोरं दुधाबरोबर पितात. चांगला चार्ली आणि पळपुटा चार्ली. दोघंही मालायता बेटाचे, दोघंही एकाच मळ्यावर. गोऱ्या मुकादमाला आमची नावं उच्चारायचा कंटाळा, म्हणून एका टोळीत दोन चार्ली, तीन टॉमी. कुणाची हाक कुणाला लागू पडायची ते तो हाक मारणाराच जाणे.

सायलसकाकांनी पिशवीतून नाही, शर्टाच्या आतून एक गुंडाळी काढली. लाल शिंपल्यांची माळ, दहा पदरी, माणसानं पसरलेल्या दोन्ही हातांएवढी लांब. मी अशी माळ फक्त म्युझियमच्या काचेत बघितली होती. ते हळू बोलत होते, नेस्ता आम्हाला सांगत होती.

"आजोबांनी मरताना सांगितलं होतं, तिकडं दुसरा चार्ली आहे, त्यानं माझ्या बायकोपोराला सांभाळलं असेल. जमेल तेव्हा त्याच्या माणसांना माळ द्या. आमच्या वडिलांना जमलं नाही. काकांनी आता सगळ्या गावाकडून पदर गोळा केले. एक टोक आम्ही धरायचं, एक तुम्ही. मग ती गोष्ट पूर्ण झाली. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही, पोरानातवंडांनीसुद्धा नाही. तशी रीत आहे."

आईचा चेहरा मी आयुष्यभर बघत आलेय. नवरा गेला तेव्हा बघितला, माझं लग्न मोडलं तेव्हा बघितला. पण असा नाही. रंगच उतरला.

"आधी जेवून घेऊ," ती म्हणाली. "उपाशीपोटी असलं काही करू नये."

सकाळचे साडेनऊ वाजले होते.

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आम्हा दोघांना आत बोलावून तिनं दार लावून घेतलं. आमच्या स्वयंपाकघराला दार आहे, हे लेनच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. नंतर त्यानंच मला सांगितलं की त्याला वाटलं, हिला चक्कर येतेय.

"मला ती माळ धरता येणार नाही," आई म्हणाली.

"गुडघे दुखतायत का? मग खुर्चीत बसून धर ना. त्यांना चालेल."

"लेन, तो कागद आपला नाही."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? घरात कागद किती आहेत आपल्या?"

मग तिनं सांगितलं. उभ्यानं, ओट्याला पाठ लावून, भराभर, जणू दूध उतू जाण्याआधी आवरायचं होतं. तिचे आजोबा चार्ली फानेगा १८९१ साली आले. वीस वर्षं त्यांची भरत नव्हती. लिझी मे बोटीवरून १८८४ साली आला तो दुसरा, चार्ली माएलोआ. कागद त्याचा. हाकलायचा हुकूम निघाला तेव्हा तो डोंगरापलीकडं झाडं तोडायच्या कामावर होता. आजोबा त्याच्या झोपडीत गेले, डब्यातून कागद काढला आणि मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन उभे राहिले. चार्ली? हो साहेब. मालायता? हो साहेब. शिक्का बसला. चौथ्या आठवड्यात खरा चार्ली बोटीवर चढला. लुसी इथंच जन्मलेली, तिला जायचं नव्हतं असं नाही, पण चर्चमधलं लग्न नव्हतं, म्हणून तिला बोटीवर घेतलं नाही.

"तुला कुणी सांगितलं हे?" लेननं विचारलं.

"त्यांनीच. मी बारा वर्षांची होते. त्यांना वाचता यायचं नाही, म्हणून दर रविवारी मला तो कागद वाचायला लावायचे. एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, आजोबा, तुम्ही म्हणता तुम्ही आलात तेव्हा कारखान्याची मोठी चिमणी उभी होती. शाळेत बाईंनी सांगितलं, ती चिमणी १८८४च्या नंतरची आहे. फाडकन मुस्कटात बसली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग मरायच्या आधी आठ दिवस, मला एकटीला जवळ बोलावून सगळं सांगितलं. घरात एवढी मोठी माणसं, पण सांगितलं कुणाला तर मला. पोरीनं हिशेब पकडला होता ना."

"आणि तू सत्तर वर्षं गप्प?"

"सत्तर वर्षं नाताळला खोटं बोलले. गप्प बसले असते तर बरं झालं असतं."

लेन स्टुलावर बसला. तो मोठा माणूस आहे माझा भाऊ, साखर कारखान्याची रेल्वे चालवून निवृत्त झालेला, सहा फूट. तो इतका लहान मी कधी बघितला नव्हता. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते त्यानं मला पुढं बऱ्याच दिवसांनी कबूल केलं. त्याला म्हाताऱ्या पाहुण्यांची कीव वाटली नाही, आजीची नाही, कुणाचीच नाही. त्याला फक्त सोमवारचं सभागृह दिसत होतं, आणि मंगळवारचा पेपर. 'यांचेच आजोबा चोर.'

"आई, ऐक," तो म्हणाला. "बोटी कुणी पाठवल्या? दोन जित्याजागत्या माणसांना एकच नाव कुणी दिलं? पंधरा-वीस वर्षं राबवून घेतलेल्यांना उठा म्हणून कुणी सांगितलं? आजोबांनी?"

"नाही."

"दोन माणसं बुडतायत आणि फळी एकच टाकायची, हे कुणी ठरवलं?"

"सरकारनं. सगळं खरं आहे तुझं."

"मग?"

"मग काय? ते खरं आहे आणि कागद आजोबांनी उचलला हेही खरं आहे. एकानं दुसरं पुसतं का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आई. निदान सोमवारपर्यंत."

"सत्तर वर्षं झाकलीये. हात दुखायला लागला आता."

मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मला लेनचंच पटत होतं. चोरी आमची असेल, पण चोरांच्या बाजारात दोन पैशांची. इतक्या मोठ्या दरोड्यासमोर तिची काय गोष्ट? असं मनात आलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. पण मनात आलं होतं.

लेन मग दार उघडायला उठला आणि म्हणाला, "आणि त्यांची रीतच आहे ना, टोक धरलं की विषय संपला? मग उलट बरंच आहे की. धर आणि संपव."

हे वाक्य आपण बोललो, हे तो आजही विसरलेला नाही.

आई शांतपणे म्हणाली, "रेडिओवर तुला काय विचारलं होतं रे, त्या शेतकऱ्यानं?"

लेन दाराची कडी चाचपत राहिला. म्हणून मी बोलले. आमच्या गल्लीत लहान पोरांनासुद्धा पाठ आहे ते. गेल्या वर्षी रेडिओच्या कार्यक्रमात एका ऊसवाल्याचा फोन आला होता: पणजोबांनी केलं, मी का भरू? आणि लेननं फटकन उत्तर दिलं होतं, "पणजोबाचं घर चालतं, पणजोबाचं पाप तेवढं चालत नाही होय?" चर्चच्या बायकांनी ते टी-शर्टवर छापून विकलं.

"छान बोलला होतास," आई म्हणाली. "मला अभिमान वाटला होता. घरी येऊन रडले होते मी, तुला वाटलं अभिमानानं."

मागच्या अंगणात तोवर कोरल खड्ड्याचा ताबा घेऊन बसली होती. कोरल म्हणजे अँब्रोजची नात, आईच्या चुलतभावाची मुलगी. आमच्याकडं काही असलं की कोरल सकाळी येते, सगळ्यांचं करते आणि जेवायला शेवटी बसते. कुणी तिला तसं सांगितलेलं नाही. पण कुणी 'आधी बस' असंही म्हटलेलं नाही. तिच्या आजोबाला, अँब्रोजला, आमचे आजोबा बाराव्या वर्षी ऊस तोडायला घेऊन गेले; पाठची पाच शाळेत गेली. पाच जणांना डोंगराखालच्या जमिनीत वाटा मिळाला. अँब्रोज कोयते ठेवायच्या खोलीत झोपायचा. भांडण झालं की कुणीतरी म्हणायचंच, पळपुट्याचं पोर. कोरललासुद्धा शाळेत म्हटलेलं आहे. मी म्हटलेलं आहे.

नेस्ता आणि सायलसकाका तिच्याजवळ लाकडी बाकावर येऊन बसले. काका तिच्या कपाळाकडं, कानांकडं बघत होते. मग हसले आणि नेस्ताला काही बोलले.

"म्हणतात, तुझे कान आमच्या आजोबांचे आहेत," नेस्ता म्हणाली. "कोरल, अँब्रोजआजोबांना कसं सांभाळलं गं यांनी? काकांना गावात जाऊन सांगायचंय."

कोरलनं मला सांगितलं, तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. कोयत्याची खोली, शाळा, जमीन, सगळं. साठ वर्षं तिला हेच कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि आज विचारणारं माणूस समुद्र ओलांडून आलं होतं. पण स्वयंपाकघराचं दार बंद होतं, आत डल्सीआत्याचा आवाज चढलेला होता, आणि पाहुण्यांसमोर घरची अब्रू काढायची कशी?

"पोटच्या पोरासारखं सांभाळलं," ती म्हणाली. म्हणाली आणि पानं उगीचच इकडची तिकडं केली.

काकांनी समाधानानं मान हलवली. गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिले. नेस्ता थांबत थांबत सांगत होती. "आजोबांकडं इथं राहायला मिळेल असा कागद होता. पण त्यांनी तो हरवला. बोट यायच्या वेळेला शोधला तर डब्यात नाही. झोपडी खणून काढली त्यांनी. सापडला नाही. मरेपर्यंत म्हणायचे, माझ्या निष्काळजीपणानं मी बायको गमावली, पोर गमावलं. काका तेव्हा दहा वर्षांचे होते, त्यांच्याजवळ झोपायचे. आजोबा रात्री उठून चटई उचलून खाली बघायचे. तिकडं, मालायतात, पन्नास वर्षांनी. आमच्या गावात अजून कुणी काही हरवलं की म्हणतात, माएलोआचा शोभतोस."

कोरल पानं टाकून उभी राहिली. "थांब. ते पळून गेले नव्हते?"

"पळून?" नेस्ताला कळेना. "अगं, बोटीवर चढवायला पोलीस होते."

कोरल घरात आली तेव्हा आम्ही दार उघडून बाहेर पडत होतो. तिनं जेवण वाढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं ताट घेऊन पहिल्या पंगतीला काकांच्या शेजारी बसली. बोलायला तोंड होतं कुणाला?

जेवण झालं. दीड वाजला असेल. काकांनी पुढच्या खोलीत चटई अंथरली, माळ उलगडली, एक टोक स्वतःच्या दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि दुसरं आईच्या बाजूला सरकवलं. आणि वाट बघत बसले.

आईला काय दिसत होतं ते मी सांगू शकते, कारण पुढं कित्येक दिवस ती तेवढंच बोलत होती. ती माळ तिच्या गुडघ्यापासून वीतभर होती. हात पुढं केला की झालं. आजोबा सुटले, ती सुटली, लेनचा दावा सुटला, आणि शंभर वर्षांपूर्वीची ती गोष्ट अगदी रीतसर, सगळ्यांच्या आशीर्वादानं, कायमची बंद. देणाऱ्याला समाधान, घेणाऱ्याला सुटका. कुणाचं काय बिघडणार होतं? ती म्हणते, तिचा हात उठला होता. मी शपथेवर सांगते, मला तो उठलेला दिसला होता.

मग ती म्हणाली, "लेन, तो कागद खाली काढ."

लेन भिंतीजवळच उभा होता. आईचा हात तिथवर पोचत नाही; चौकट त्यानंच टांगली होती, पाच वर्षांपूर्वी, नवा रंग दिल्यावर. तो हलला नाही. कोरल त्याच्याकडं बघत होती. नेस्ता हसत बघत होती, तिला वाटलं कागदही चटईवर ठेवायची आमची काही रीत असेल. बाहेर उसाची आगगाडी रुळांच्या फाटकावरून खडखडत गेली. गळीत हंगाम जोरात होता, गाड्या मोठ्या होत्या, चांगलं दीड मिनिट तो आवाज चालला. तो संपेपर्यंत माझा भाऊ तसाच उभा होता. मग त्यानं दोन्ही हातांनी चौकट उतरवली, शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि काकांसमोर चटईवर ठेवली. ठेवताना तो गुडघ्यांवर बसला आणि मग तिथून उठलाच नाही.

"हा कागद तुमच्या आजोबांचा आहे," आई म्हणाली. "माझ्या आजोबांनी त्यांच्या डब्यातून चोरला. त्यांनी मला स्वतः सांगितलंय. त्या कागदावर आम्ही इथं राहिलो. तुमच्या आजोबांना आमच्या आजोबांच्या जागी पाठवलं. आणि नंतर आम्ही सगळ्यांना सांगत राहिलो की ते बायको टाकून पळाले."

नेस्ताचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. तिनं काकांना सांगितलं नाही. आईनं तिला म्हटलं, "सांग त्यांना. गाळू नकोस काही."

"आणि अँब्रोजला यांनी शाळेत घातलं नाही," कोरल एकदम म्हणाली. "मी मघाशी खोटं बोलले. कोयत्यांच्या खोलीत झोपायचा माझा आजोबा. जमिनीचा तुकडा दिला नाही त्याला. हेही सांग."

नेस्तानं सगळं सांगितलं. त्यांच्या भाषेत ते फार थोड्या शब्दांत झालं. काका ऐकत होते, माळेचं टोक तळव्यांवर तसंच. मग त्यांनी कोरलला खुणेनं जवळ बोलावलं आणि काचेवर बोट ठेवलं. वाच.

कोरलनं वाचलं. "चार्ली. मालायता. लिझी मे. १८८४."

"लिझी मे," काका म्हणाले. ते नाव त्यांना येत होतं. आजोबांकडून आलेलं असणार. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, नेस्ताची वाट न बघता, सरळ आईला.

"म्हणजे त्यांनी हरवला नव्हता?"

"नाही," आई म्हणाली. "नव्हता हरवला."

"डब्यात नीट ठेवला होता?"

"नीट ठेवला होता. तेलकट कापडात गुंडाळून. माझे आजोबा म्हणाले, गाठ सोडायलाच वेळ लागला."

म्हातारा रडला. आवाज नाही, काही नाही. इस्त्रीच्या शर्टावर टपटप पाणी पडत होतं. नेस्ता त्यांच्या पाठीवर हात फिरवत त्यांच्या भाषेत तेच तेच म्हणत होती. काय म्हणत होती ते कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि सांगायची गरज नव्हती. कागद चोरला, माणूस चोरला, हे आम्हाला सकाळीच कळलं होतं. पण एका माणसाला पन्नास वर्षं चटई उचलून बघायला लावली, ते तेव्हा कळलं. त्याच्या नातवाच्या गळ्यातली पिशवी आमची होती. आणि आम्ही तिला हसलो होतो.

लेन खाली मान घालून म्हणाला, "काका, आम्ही काय देऊ? सांगा. जमिनीचा वाटा कोरलचा, तो तर आहेच. पण तुम्हाला, गावाला... तुम्ही म्हणाल ते."

काकांनी डोळे पुसले. नेस्तानं त्यांचं म्हणणं सांगितलं. "ते म्हणतात, ते मी कसं सांगू? घेतलं तुम्ही, तर किती घेतलं ते तुम्हीच जाणा. आधी मोजा, मग या."

लेननं हेच शब्द अर्जात लिहिले होते. सरकारला. तीस वर्षं.

मग काकांनी माळ गुंडाळली. घाई न करता, एकेक पदर नीट जुळवत, आणि शर्टाच्या आत परत ठेवली. "ही आज देत नाही," नेस्ता त्यांच्या वतीनं म्हणाली. "दिली तर विषय संपेल. त्यांना आज संपवायचा नाहीये." तिचा आवाज कोरडा होता. सकाळी मावशी म्हणाली होती. आता तिनं आईला काहीच म्हटलं नाही.

कागद त्यांनी नेला. लेननं चौकटीच्या मागचे खिळे स्वयंपाकघरातल्या सुरीनं काढून दिले. काकांनी तो आपल्या पिशवीत पासपोर्टच्या पुढं सरकवला, म्हणजे बाहेरून दिसेल असा.

"सोमवारी कागद नसणार हातात," मी आईला म्हटलं.

"तोंड असणार ना," ती म्हणाली. "सरकारनं काय केलं तेही सांगेन आणि आपण काय केलं तेही. लेन, तुला नको असेल तर तू बाहेर बस."

लेन म्हणाला, "मीच नेईन तुला गाडीतून."

कोरल पाहुण्यांना शहरात सोडणार होती. ती पर्स घेऊन पुढं झाली. आम्ही फाटकापर्यंत गेलो. जाऊ नये असं वाटत होतं आणि न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. नेस्ता गाडीत बसली. सायलसकाका अर्ध्यातून मागं वळले आणि आईसमोर येऊन उभे राहिले. दोघं एका उंचीची होती. दोघंही आपापल्या चार्लीच्या अंथरुणाशेजारी बसलेली पोरं.

"बोटीच्या दिवशी," ते सावकाश, शब्द शोधत म्हणाले, "तुमचे आजोबा तिथं होते? धक्क्यावर?"

"होते," आई म्हणाली. "त्यांनी मला तेही सांगितलं. लपून उभे होते, पण तुमच्या आजोबांनी त्यांना बघितलं. फळीवर चढताना ओरडून म्हणाले, चार्ली, लुसीला बघ. पोराला बघ."

काकांनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं, त्यांच्या घरात ते असंच सांगत असणार.

"आणि तुमचे आजोबा? ते काय म्हणाले?"

आईनं फाटकाची दांडी धरली.

"हो म्हणाले," ती म्हणाली. "ते 'हो' म्हणाले."